परसातले दहा मीटर

४ ऑक्टोबर

परस टेपने मोजलं. मागची भिंत ते पायरी ११ मीटर ४० सेंटिमीटर. टार्गेटची पेटी आणि तिच्या मागची जागा वजा केली तरी दहा मीटर निघतात, फक्त उभं राहायचं ते पायरीला टाच टेकवून. दहाचा हट्ट यासाठी की एअर रायफलची स्पर्धा याच अंतरावर होते, १९८४ पासून ऑलिंपिकमध्येही. छापील टार्गेट तयार मिळतात आणि आपण किती पाण्यात आहोत ते लपवता येत नाही. टार्गेटवरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अर्ध्या! छर्राच साडेचार मिलिमीटर जाड आहे. त्याची कड ठिपक्याला शिवली की दहा.

रायफल स्प्रिंगची, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छर्रा भरायची. दोन वर्षं कपाटात पडून होती.

नियम आधी बघून घेतले. एअर गनचं प्रत्येक देशात वेगळं असतं. विनापरवाना मर्यादा छर्ऱ्याच्या ऊर्जेवर असते: जर्मनीत ७.५ ज्यूल, इंग्लंड आणि वेल्समध्ये रायफलला १२ फूट-पौंड म्हणजे १६.३ ज्यूल, भारतात २० ज्यूल. वस्तीत चालवू देतात का, हा त्यापुढचा प्रश्न. ज्याने त्याने आपल्या ठिकाणचं विचारावं. माझं बसतंय नियमात, पण माझी रायफल खरोखर किती ज्यूलची आहे हे खोक्यावरच्या आकड्यावर सोडायचं नाही. मोजायची काहीतरी युक्ती काढतो.

५ ऑक्टोबर

पेटीच्या आधी चुकलेल्या छर्ऱ्याचा विचार. नळी वर असताना सुटला तर तो दोन-तीनशे मीटर सहज जातो. मागची भिंत विटांची, उंची २ मीटर १० सेंटिमीटर. विटेवर शिसं आपटलं की चपटं होऊन तुकडे उडतात, म्हणून भिंतीच्या वीतभर पुढे जुना जाड गालिचा सैल टांगला. सैल महत्त्वाचं. ताणून बसवला तर छर्रा आरपार जातो. सैल असला की गालिचा मागे जातो, छर्ऱ्याचा जोर मरतो आणि तो पायथ्याशी टपकन पडतो. गालिच्याची वरची कड जमिनीपासून १ मीटर ७० सेंटिमीटरवर आली. अजून वर हवा होता, पण आहे तो एवढाच.

भिंतीपलीकडे काकूंचं परस. खिळे ठोकल्याचा आवाज ऐकून काकू डोकावल्या.

"काय बांधतोयस रे?"

"नेमबाजीचं टार्गेट, काकू. एअर गनचं."

"माझ्याकडे नाही ना काही येणार?"

"छे हो काकू. पेटी, मग गालिचा, मग भिंत."

१२ ऑक्टोबर

प्लायवूडची पेटी झाली. समोरून उघडी, ३० बाय ३० सेंटिमीटर, आत रद्दीचे गठ्ठे घट्ट कोंबलेले. मध्यबिंदू १ मीटर ४० सेंटिमीटरवर, स्पर्धेत असतो तसा. खांबाला दोन बोल्टने आवळली.

पहिल्याच बाराला नळीतून निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास. आवाजही नेहमीपेक्षा मोठा, फटाक्यासारखा. दोष माझाच. कपाटात ठेवताना "गंज नको" म्हणून नळीत तेल सोडलं होतं. ते दट्ट्याच्या पुढे गेलं, आणि दट्ट्या हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेल पेटतं. डिझेल इंजिनाचं तत्त्व. अशा बारांचा वेग एकसारखा नसतो, त्यामुळे आजच्या टार्गेटांवर काहीच लिहिण्यासारखं नाही. नळी कोरड्या कापडाने पुसली. पुढे चाळीसेक बारांनंतर धूर थांबला.

लिहिण्यासारखं एकच. तिसाव्या बाराच्या आसपास एक छर्रा परत आला. प्लायच्या कडेवर बसला असावा. पायरीपासून हातभर अंतरावर, थोडासा चपटा, बोटाला कोमट. शिसं मऊ असलं तरी लाकूड त्याला परत फेकतं. चष्मा होता डोळ्यांवर, पण तो नंबरचा. उद्यापासून बाजूने बंद असलेला, कामाचा.

फळीवर खडूने नियम लिहिले: चष्म्याशिवाय कोणी परसात येणार नाही. दार आतून कडी लावून. टार्गेट बदलायला पुढे जायच्या आधी नळी मोडून, रिकामी, स्टुलावर. छर्रा भरताना नळीवरचा हात काढायचा नाही, कारण चुकून ट्रिगर सुटला तर नळी फटकन मिटते आणि मध्ये बोट असतं.

१३ ऑक्टोबर

वेग मोजला. यंत्र नाही, फोन आहे. फोन नळीच्या तोंडाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला, कॉम्प्युटरवर त्याची लाट उघडली. दोन शिखरं दिसतात: पहिलं बाराचं, दुसरं प्लायवर बसल्याचं. अंतर ०.०९० सेकंद. पण बसल्याचा आवाज दहा मीटर परत यायला ०.०२९ सेकंद घेतो, तो वजा. उरले ०.०६१. दहा भागिले ०.०६१, म्हणजे सेकंदाला १६४ मीटर. दहा बार मोजले, फरक एक-दोन मिलिसेकंदांचाच.

शंभर छर्ऱ्यांचं वजन ५३ ग्रॅम, एकाचं ०.५३. हिशेब सात ज्यूलच्या थोडा वर येतो. हा दहा मीटरमधला सरासरी वेग. नळीच्या तोंडाशी किंचित जास्त. खोक्यावरचा आकडा बराच मोठा होता. मला वाईट वाटलं नाही. कागदाला भोक पाडायला एवढं पुष्कळ.

आणखी एक गंमत: त्या ६१ मिलिसेकंदांत छर्रा १८ मिलिमीटर खाली येतो. दहा मीटरवर "सरळ" असं काही नसतं.

१९ ऑक्टोबर

रद्दी बाद. एकाच जागी साठेक छर्रे बसले की तिथे बोगदा होतो आणि पुढचा थेट मागच्या प्लायवर, ठाक्! रायफलीपेक्षा पेटीचा आवाज मोठा. काकू म्हणाल्या, "सुतार ठेवलायस की काय?"

आता पुट्टी. वायरिंगच्या पाइपांची तोंडं बुजवायला वापरतात ती न वाळणारी, कणकेसारखी मऊ. मागे जाड प्लाय, त्यावर पाच सेंटिमीटरचा थर. थापायला दोन तास लागले, मनगटं भरून आली. पण काम फक्कड झालं. छर्रा जातो आणि आवाज येतो तो नुसता "थप्". परत येणं नाही, तुकडे नाहीत, शिशाची धूळही नाही, कारण छर्रा अख्खाच आत रुततो. लोखंडी पत्रा ४५ अंशात लावायचा विचार होता, तो धुळीमुळेच सोडला. हात मात्र दर वेळी साबणाने धुवायचे. छर्रे बोटांना काळं लावतात ते शिसंच असतं.

पुट्टी एकाच ठिकाणी खचू नये म्हणून एका कागदावर चार टार्गेट, चार कोपऱ्यांना. पुट्टी भरलेल्या पेटीचं वजन करून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. वर्षाअखेरीला किती शिसं जमलं ते कळेल.

२ नोव्हेंबर

दोन आठवडे झाले, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, काही केल्या लहान होत नाही. बसून, कोपर गुडघ्यावर, दहा-दहा छर्रे. मोजायची रीत: सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, वजा साडेचार. चपट्या तोंडाचे छर्रे: ३४, ३८, ३६ मिलिमीटर. गोल तोंडाचे: ३३, ४१. म्हणजे काळ्या वर्तुळातही मावत नाहीत. चपटे निदान गोल, स्वच्छ भोक पाडतात, मोजायला सोपं. गोल तोंडाचे कागद फाडतात.

छर्ऱ्यांवर संशय. काचेवर घरंगळवून बघितले. छर्रा मागे रुंद असल्यामुळे तो वळसा घेत गोल फिरतो. ज्याची मागची घेर वाकलेली असते तो लडखडतो. पन्नासात चार लडखडे निघाले. वेगळे काढले. ग्रुप ३५.

(गालाला दस्ता लावताना बारीक करकर आवाज येतो. लाकूड कोरडं पडलं असेल.)

९ नोव्हेंबर

सकाळी झिरो केलेली, म्हणजे नेम बरोबर मध्यावर जुळवलेली, रायफल संध्याकाळी सहा मिलिमीटर बाजूला मारते. ऊन पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेच्या, एकाच कडेवर पडतं आणि डोळा ती उजळलेली कड धरतो. मेणबत्तीच्या काजळीने साइट काळी केली, थोडा फरक पडला. दोन साइटमधलं अंतर ४५ सेंटिमीटर. तिथे दहावा हिस्सा मिलिमीटर चुकला की टार्गेटवर सव्वादोन मिलिमीटर चुकतो. तेव्हा नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर. कळतं, पण नजर पळतेच टार्गेटकडे.

ग्रुप ३७. आता स्वतःवर संशय. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःलाच ऐकवून झालं.

२३ नोव्हेंबर

अंगण खरंच वाकडं होतं.

आज वही मागून पुढे चाळत होतो. २ तारखेची कंसातली ओळ दिसली, करकरीची. तिथेच रायफल उचलली, एका हाताने नळी आणि एका हाताने दस्ता धरून हलका पीळ दिला. करकर. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. उजव्याला ऍलन की लावली तर दीड आटा फिरला. डाव्याला पाऊण. ट्रिगरच्या कडीमागचाही अर्धा. म्हणजे गेला दीड महिना नळी एकीकडे आणि दस्ता एकीकडे, मी नेम धरत होतो तो दस्त्याने.

स्प्रिंगच्या रायफलीत हे होणारच. दट्ट्या पुढे जातो तेव्हा रायफल मागे येते, तो टोकाला आदळतो तेव्हा पुढे. दर बाराला दोन उलटसुलट धक्के, चारपाचशे बार. कुठलाही स्क्रू हलेल. आटे पुसून कोरडे केले, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एकेक थेंब, बेताने आवळले. जास्त आवळलं तर लाकूड चिरतं.

संध्याकाळी: २१, २३, २०.

एकवीस! तेच छर्रे, तीच काजळी, तोच मी. तीन आठवडे काचेवर छर्रे घरंगळवणाऱ्या माणसाने आधी स्क्रू बघायला हवे होते, हे खरं. पण करकर लिहून ठेवली होती म्हणून सापडली, हेही खरं. आता दर शंभर बारांना स्क्रू, असा रकाना आखला.

३० नोव्हेंबर

वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तर अजून लहान ग्रुप येईल असा समज. उलट झालं: ग्रुप ३१, आणि सगळाच्या सगळा १५ मिलिमीटर वर. छर्रा नळीत असतानाच दट्ट्याचे दोन्ही धक्के बसून जातात, त्यामुळे रायफल कशावर आणि कशी टेकली आहे त्यावर छर्रा कुठे जाणार हे ठरतं. कडक जागेवर ती उसळते. घट्ट आवळून धरलं तर दर वेळी आवळणं सारखं होत नाही.

मग पिशवीवर हाताची पालथी बाजू ठेवली, उघड्या तळव्यावर रायफल नुसती विसावली, बोटं मिटायची नाहीत. खांद्याला अलगद, उजव्या हाताची पकड पाखरू धरावं तशी. ती हवी तशी उडू दे, दर वेळी तशीच उडाली म्हणजे झालं. १७, १६, १९.

हे हाताच्या गळी उतरायला वेळ लागला. बंदूक म्हटली की माणूस आवळतोच.

७ डिसेंबर

लेकीने सुरुवात केली. वय चौदा. आधी तासभर छर्ऱ्याशिवाय नुसतं धरणं, श्वास, नियम. मग उभ्याने, कारण तिला तसंच हवं होतं. उभ्याने मारणं हे वेगळंच प्रकरण आहे; पुढची साइट टार्गेटभर हिंडते. मीही तिच्याबरोबर उभ्याने सुरू केलं. दोघांचे बरेच छर्रे पेटीबाहेर, गालिच्यावर. कोपऱ्यांतली टार्गेट पेटीच्या कडेला फार जवळ आहेत.

तिने एक खेळ काढला. बार झाला की टार्गेटकडे न बघता सांगायचं, कुठे गेला. "बाबा, डावीकडे खाली, आठ." मग दुर्बिणीतून बघायचं. पहिल्या दिवशी दहातले तीन बरोबर. मोठ्या नेमबाजांचाही हाच सराव असतो हे तिला नंतर सांगितलं, तर म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंत?"

१४ डिसेंबर

गप्पांच्या नादात छर्रा न भरताच ट्रिगर ओढला. मीच. "खण्ण" असा आवाज, खांद्याला वेगळाच हादरा. पुढे छर्रा नसला की हवेची गादी मिळत नाही आणि दट्ट्या जाऊन लोखंडावर आदळतो. नंतर फोनवर वेग पुन्हा मोजला, तेवढाच. वाचलो.

२८ डिसेंबर

बसून १३.५. आजवरचा सगळ्यांत लहान. नाण्याखाली झाकला जातो. नाणं ठेवून फोटो काढला.

लेकीला डाव पटला आहे, आता दहातले सहा-सात ती न बघता सांगते. तिने विचारलं, जास्तीत जास्त किती मिळतात एका छर्ऱ्याला? फायनलमध्ये दशांशात मोजतात, १०.९. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये शेवटच्या बाराला १०.८ मारला आणि सुवर्ण घेतलं, उभ्याने. आमच्या दोघांचा उभ्याचा ग्रुप अजून हाताच्या तळव्याएवढा. ती थोडा वेळ त्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याकडे बघत राहिली.

११ जानेवारी

पुट्टी मधोमध कडक लागायला लागली म्हणून पेटी उतरवली. सुरीने एक फाक कापली. आत छर्ऱ्यांचा ढेकूळ, एकमेकांत घुसलेले, एकाच्या पोटात दुसरा, पुढे-मागे चार-पाच. काही अगदी अखंड, नळीतल्या पिळाचे ओरखडे दिसतात.

काढायच्या आधी पेटीचं वजन केलं. वहीत एकूण छर्रे १,८४०. रद्दीच्या पेटीतले यात नाहीत. गुणिले ०.५३, म्हणजे ९७५ ग्रॅम वाढायला हवं. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. वाढलं ९३१. तूट ४४ ग्रॅम, म्हणजे ८३ छर्रे.

ठीक, गालिच्यावर गेलेले. गालिच्याच्या पायथ्याची माती लेकीबरोबर चाळली. ७४ मिळाले. पेटीच्या खांबात रुतलेले सहा पकडीने उपटले. झाले ऐंशी. राहिले तीन.

तीन म्हणजे दीड ग्रॅम. काट्याच्या चुकीत सहज बसतात. वही मिटलीही होती. मग शिडी घेतली आणि भिंत वरपासून बघायला लागलो. १ मीटर ८६ सेंटिमीटरवर, गालिच्याच्या वर, विटेला नवा टवका आणि त्यात करडा चकचकीत डाग. नखाने खरवडला. शिसं.

तिथून भिंतीचा माथा २४ सेंटिमीटर.

"बाबा, माझा नाही हं तो," लेक म्हणाली. तिचा असेल, माझा असेल. कधीचा ते कळायला मार्ग नाही. या वहीत ग्रुप दशांशापर्यंत आहेत, उन्हाची दिशा आहे, स्क्रूचे आटे आहेत. चुकलेल्या छर्ऱ्यांचा रकाना नाही. गालिच्यावर "थप्" झालं की आम्ही हसायचो आणि पुढचा भरायचो. गालिचा कमी पडतोय हे ५ ऑक्टोबरला मीच लिहून ठेवलं आहे.

१२ जानेवारी

सकाळी काकूंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांच्या बाजूची भिंत आणि खालची जमीन तासभर शोधली. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचा अर्थ आलं नाही असा होत नाही, हेही सांगितलं.

काकूंनी डाग कुठे आहे ते विचारलं. मी भिंतीवर हात ठेवून उंची दाखवली. त्या तिथे येऊन उभ्या राहिल्या. दोरी बरोबर तिथेच आहे, भिंतीला लागून.

"म्हणजे मी कपडे वाळत घालत असते तिथे."

मी काही बोललो नाही.

१८ जानेवारी

रायफल कपाटात, कुलूप लावून, किल्ली माझ्याकडे. पेटीचा मध्यबिंदू ९० सेंटिमीटरवर उतरवणार. स्पर्धेची उंची गेली खड्ड्यात. नळी खाली झुकलेली राहील आणि चुकला तर जमिनीकडे जाईल. उभ्याचा सराव पेटी ६० बाय ६० ची होईपर्यंत बंद. मागे दोन खांब, त्यांना जमिनीपासून २ मीटर ७० सेंटिमीटरपर्यंत १८ मिलिमीटरचा प्लाय, त्याच्यापुढे दोन गालिचे एकमेकांवर चढवून. नळीचं तोंड वर जाऊच नये म्हणून पायरीच्या पुढे, डोक्याच्या उंचीवर एक आडवी फळी: तिच्या वरून आकाश दिसतं, खालून फक्त पेटी.

आज खांबांचे खड्डे खणले. ६० सेंटिमीटर खोल, दुसऱ्यात दगड लागला. काकूंनी भिंतीवरून विचारलं, "किती उंच करणार?" आकडा सांगितला. म्हणाल्या, "उभा केलास की मला इकडून बघू दे, मग सुरू कर."

वहीत नवा रकाना आखला. पेटीबाहेर: किती, कुठे.